अब्राहामाचे वचन आणि अमेरिकेचे राजकारण

इस्रायलच्या राज्याला ख्रिस्ती माणसाने पाठिंबा द्यावा काय, द्यावयाचा तर कोणत्या आधारावर, आणि तो प्रार्थनेपुरता ठेवावा की देणग्या, मतदान व परराष्ट्र धोरणावरील दबाव इथपर्यंत न्यावा, हे प्रश्न अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये गेली पाऊणशे वर्षे तळमळीने चर्चिले जात आहेत. आणि त्यांची जी उत्तरे तेथे निघाली त्यांचे परिणाम जेरुसलेम, बेथलेहेम व गाझा येथील माणसांच्या आयुष्यापर्यंत पोहोचले आहेत. मराठी वृत्तपत्रांत हा विषय बहुधा युद्धाच्या किंवा अमेरिकी निवडणुकीच्या निमित्ताने डोकावतो आणि 'ज्यू लॉबी' एवढ्या दोन शब्दांत आटोपला जातो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, इस्रायलची भूमी देवाने ज्यू लोकांना दिली आहे असे मानणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेतील ज्यूंमध्ये ४० टक्के आढळले, तर गौरवर्णीय इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांमध्ये ते ८२ टक्के होते. अमेरिकेच्या प्रौढ लोकसंख्येत ज्यूंचा वाटा तीन टक्क्यांहून कमी आणि त्यांतील बहुसंख्य डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे, तर इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांचा वाटा सुमारे पाव आणि त्यांतील गौरवर्णीय मतदार गेली चार दशके रिपब्लिकन पक्षाचा कणा, हे चित्र समोर ठेवले की या विषयाचा शोध सिनेगॉगइतकाच, किंबहुना अधिक, चर्चमध्ये घ्यावा लागतो हे ध्यानात येते.

चर्च म्हणजे एकच संस्था नव्हे. 'इव्हँजेलिकल' म्हणजे बायबलला श्रद्धेचा अंतिम अधिकार मानणारे, प्रत्येकाने व्यक्तिशः ख्रिस्ताला शरण जाऊन नवा जन्म घ्यावा असे सांगणारे आणि सुवार्ताप्रसाराला कर्तव्य समजणारे प्रोटेस्टंट. सदर्न बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल आणि असंख्य स्वतंत्र मंडळ्या यांचा त्यांत समावेश होतो. 'मेनलाइन' म्हणजे प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, एपिस्कोपल, लुथरन, काँग्रिगेशनल यांसारखी जुनी प्रोटेस्टंट घराणी, जी बायबलकडे ऐतिहासिक चिकित्सेच्या नजरेने पाहू लागली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत देशाच्या सार्वजनिक जीवनात अग्रभागी होती. कॅथलिक चर्चची शिकवण रोमशी बांधलेली, तर कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांची शिकवण गुलामगिरीच्या अनुभवातून घडलेली. या सर्व गटांत मिळून 'ख्रिस्ती झायोनवाद' नावाची जी धारणा कमीअधिक तीव्रतेने आढळते, तिचा अर्थ ज्यू लोकांनी पॅलेस्टाइनच्या भूमीत परतावे व तेथे त्यांचे राज्य असावे या मागणीला ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने दिलेला पाठिंबा, असा घेतला जातो. थिओडोर हर्झलने १८९७ साली बाझेल येथे ज्यूंची पहिली झायोनवादी परिषद भरवली, त्याच्या कितीतरी आधीपासून ही ख्रिस्ती धारणा इंग्रजी भाषिक जगात रुजलेली होती.

वादाचे मूळ बायबलच्या मोजक्या उताऱ्यांत आहे. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देव अब्राहामाला मोठे राष्ट्र करण्याचे, त्याला आशीर्वाद देणाऱ्यांना आशीर्वाद आणि शाप देणाऱ्यांना शाप देण्याचे वचन देतो. पुढील अध्यायांत त्याच्या संततीला कनानची भूमी देण्याचा करार होतो. हा करार बिनशर्त होता की आज्ञापालनावर अवलंबून होता, 'संतती' म्हणजे वंशाने ज्यू असलेले लोक की, पौल गलतीकरांस लिहितो त्याप्रमाणे, ख्रिस्त आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे सर्व, यावर सारे अवलंबून राहते. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांपासून बहुसंख्य धर्मपंडितांनी दुसरा अर्थ स्वीकारला आणि प्राचीन इस्रायलची जागा आता चर्चने घेतली आहे असे प्रतिपादन केले. या मताला प्रतिस्थापनवाद म्हणतात, आणि युरोपात ज्यूंच्या वाट्याला आलेल्या तिरस्काराला त्याने धार्मिक अधिष्ठान पुरवले हे आज सर्वच जबाबदार अभ्यासक मान्य करतात. मात्र रोमकरांस पत्राच्या नवव्या ते अकराव्या अध्यायांत पौलाने आपल्या रक्ताच्या लोकांना देवाने टाकलेले नाही, असेही निक्षून सांगितले आहे. ख्रिस्ती झायोनवादी आणि त्यांचे टीकाकार, दोघेही याच तीन अध्यायांकडे पुन्हा पुन्हा वळतात. पौलाला ज्यू लोकांची चिंता आहे, पण भूमीचा उल्लेख तो तेथे करीत नाही; या मौनाचा अर्थ काय लावायचा, हा या वादातील सर्वांत कठीण आणि सर्वांत कमी चर्चिलेला मुद्दा म्हणावा लागेल.

अमेरिकेत ही चर्चा प्युरिटनांबरोबर आली. इन्क्रीज मॅथर या बॉस्टनच्या धर्मोपदेशकाने १६६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ज्यूंचे सामुदायिक परिवर्तन आणि त्यांचे आपल्या भूमीतील पुनर्वसन ही बायबलची शिकवण असल्याचे मांडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हीच आस मिशनकार्यात उतरली, आणि येथे महाराष्ट्राचा एक खराखुरा दुवा सापडतो. १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या ज्या अमेरिकन बोर्डाने गॉर्डन हॉल आणि त्याचे सहकारी यांना मुंबईला पाठवले, ज्यांच्या कार्यातून १८१३ पासून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले आणि पुढे नगरहून १८४२ साली 'ज्ञानोदय' निघाले, त्याच बोर्डाने १८१९ साली लेव्ही पार्सन्स आणि प्लिनी फिस्क यांना जेरुसलेमकडे रवाना केले. ज्यूंचे पुनरागमन जवळ आले आहे अशी आशा घेऊन गेलेल्या या मिशनऱ्यांचा आणि त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांचा संबंध प्रत्यक्षात आला तो मुख्यतः अरबी बोलणाऱ्या समाजाशी. नगरच्या मिशनऱ्यांनी मराठी आत्मसात केली तशी बैरुतच्या मिशनऱ्यांनी अरबी आत्मसात केली, शाळा काढल्या, छापखाने घातले, आणि १८६६ साली त्यांच्या परंपरेतून सीरियन प्रोटेस्टंट कॉलेज निघाले, जे आज अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरुत म्हणून ओळखले जाते. ज्यूंच्या परतण्याची वाट पाहत गेलेल्या या चळवळीच्या पोटी अरबांविषयी आस्था बाळगणारी अमेरिकी पिढी जन्मली; सिदोन येथे मिशनरी कुटुंबात जन्मलेला आणि १९४५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट व राजे इब्न सौद यांच्या भेटीत दुभाषी राहिलेला विल्यम एडी पॅलेस्टाइनविषयक धोरणाशी मतभेद होऊन १९४७ साली परराष्ट्र खात्यातून बाहेर पडला, ही घटना त्या परंपरेच्या संदर्भातच कळते.

दुसरा प्रवाह जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमधील धर्मोपदेशकापासून सुरू होतो. १८६२ ते १८७७ या काळात त्याने उत्तर अमेरिकेचे अनेक दौरे केले आणि 'डिस्पेन्सेशनलिझम' म्हणजे युगविभागवाद या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली बायबलवाचनाची पद्धत तेथे नेली. या पद्धतीनुसार देव मानवाशी वेगवेगळ्या युगांत वेगवेगळ्या प्रकारे व्यवहार करतो. इस्रायल ही त्याची पार्थिव प्रजा आणि चर्च ही स्वर्गीय प्रजा, या दोहोंची सरमिसळ करू नये. चर्चचे युग संपताच खरे विश्वासणारे वर उचलले जातील, मग सात वर्षांचे महासंकट येईल, आणि त्यानंतर ख्रिस्त परत येऊन जेरुसलेममधून हजार वर्षे राज्य करील. सायरस स्कोफिल्डने १९०९ साली याच पद्धतीच्या टिपा छापलेली बायबलची आवृत्ती काढली, आणि पवित्र वचन व त्याचा अर्थ एकाच पानावर वाचावयास मिळाल्याने लक्षावधी सामान्य वाचकांना हा अर्थ म्हणजेच बायबल असे वाटू लागले. शिकागोची मूडी बायबल इन्स्टिट्यूट आणि १९२४ साली स्थापन झालेले डॅलसचे धर्मविद्यालय येथून या शिकवणीत तयार झालेले पाळक देशभर गेले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये, कारण तिच्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. डार्बी राजकारणापासून दूर राहण्याचा उपदेश करणारा माणूस होता. जग बुडत्या जहाजासारखे आहे, त्याची डागडुजी करण्यापेक्षा त्यातून माणसे वाचवावीत, हा या परंपरेचा स्वभाव होता, आणि भविष्यवाणी देवच पूर्ण करणार असल्याने माणसाने तिला हातभार लावण्याचे कारण नव्हते. मग राजकारणाकडे पाठ फिरवणाऱ्या या शिकवणीतून शतकाच्या आत अमेरिकेतील सर्वांत संघटित अशा परराष्ट्र धोरणविषयक चळवळींपैकी एक कशी निघाली? केवळ भविष्यवाणीवरील श्रद्धेने तिचा उलगडा होत नाही. श्रद्धा आणि धोरण यांच्यामध्ये संघटना, पैसा, प्रसारमाध्यमे, पक्ष आणि परक्या देशाची सरकारे उभी असतात, आणि कोणता अर्थ विधिमंडळापर्यंत पोहोचेल हे बहुधा तेथे ठरते; प्रस्तुत ग्रंथाची उभारणी या प्रतिपादनावर झाली आहे.

विल्यम ब्लॅकस्टोनचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. शिकागोचा हा व्यावसायिक युगविभागवादाचा कट्टर प्रचारक होता, ख्रिस्ताच्या आगमनावरील त्याचे पुस्तक १८७८ साली निघाले आणि अनेक भाषांत गेले. रशियात ज्यूंवर होणाऱ्या अत्याचारांनी व्यथित होऊन त्याने ५ मार्च १८९१ रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांना एक निवेदन सादर केले, ज्यावर जॉन रॉकफेलर, जे. पी. मॉर्गन आणि सरन्यायाधीश मेल्विल फुलर यांच्यासह ४१३ जणांच्या सह्या होत्या. पॅलेस्टाइन ज्यूंना परत द्यावे ही मागणी करताना त्याने महासंकटाचा किंवा हजार वर्षांच्या राज्याचा आधार घेतला नाही. बर्लिनच्या १८७८ च्या तहात युरोपातील सत्तांनी बल्गेरिया बल्गेरियनांना आणि सर्बिया सर्बियनांना दिला, तर त्याच न्यायाने पॅलेस्टाइन ज्यूंना का नको, असा आंतरराष्ट्रीय दाखल्यांचा युक्तिवाद त्याने केला. उद्योगपतींच्या सह्या मिळाल्या त्या या भाषेमुळे. अंतःकरणातील कारण एक आणि सार्वजनिक कारण दुसरे, ही रीत तेथून सुरू झाली. त्या भूमीत तेव्हा राहणाऱ्या अरब बहुसंख्याकांच्या हक्कांचा विचार मात्र या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही, आणि पुढील शतकभर ही उणीव या परंपरेला चिकटून राहिली.

इस्रायलच्या स्थापनेच्या काळात अमेरिकेत सर्वांत प्रभावी ठरलेले ख्रिस्ती समर्थन भविष्यवाणीवाल्यांकडून आलेच नाही. ते आले राइनहोल्ड नीबुर यांच्यासारख्या उदारमतवादी धर्मविचारवंताकडून. अक्षरार्थी बायबलवाचनाचा त्यांना तिटकारा होता. मात्र जर्मनीतील घटनांनी त्यांना हे शिकवले होते की सत्तेवाचून राहिलेल्या अल्पसंख्य समाजाचे रक्षण केवळ सदिच्छेने होत नाही, म्हणून ज्यूंना स्वतःचे राष्ट्र हवे असे त्यांनी १९४२ साली 'द नेशन' या साप्ताहिकात मांडले, आणि अरबांवर त्यामुळे अन्याय होईल हेही त्यांनी लपवले नाही. त्यांच्या प्रेरणेने त्याच वर्षी मेनलाइन पाळकांची 'ख्रिश्चन कौन्सिल ऑन पॅलेस्टाइन' स्थापन झाली. उलट 'द ख्रिश्चन सेंच्युरी' हे मेनलाइन वर्तुळातील वजनदार नियतकालिक आणि बर्नार्ड कॉलेजच्या माजी प्रमुख व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह यांच्यासारखे लोक ज्यू राज्याच्या विरोधात उभे राहिले. १४ मे १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी घोषणेनंतर अवघ्या अकरा मिनिटांत इस्रायलला मान्यता दिली, तेव्हा परराष्ट्रमंत्री मार्शल यांचा विरोध, ट्रुमन यांचा जुना ज्यू भागीदार एडी जेकबसन याची मध्यस्थी, शीतयुद्धाचे हिशेब आणि बॅप्टिस्ट घरात लहानपणापासून वाचलेले बायबल, यांपैकी नेमके कशाचे पारडे जड ठरले यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. यांतील कोणतेही एक कारण पुरेसे मानणाऱ्या लेखनापासून वाचकाने सावध राहावे.

जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धाने दोन्ही बाजूंची जागा बदलली. जुने जेरुसलेम, वेस्ट बँक आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात आले. भविष्यवाणीचे घड्याळ पुन्हा सुरू झाले अशी इव्हँजेलिकलांची खात्री पटली, तर दुबळ्यांची बाजू घ्यावी या ज्या तत्त्वावर मेनलाइन मंडळ्यांनी इस्रायलला साथ दिली होती त्याच तत्त्वाने त्यांना आता निर्वासित पॅलेस्टिनींकडे नेले. हॅल लिंडसीचे अंतकाळाविषयीचे पुस्तक १९७० साली निघाले आणि त्या दशकातील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत जाऊन बसले. पण हा वाचकवर्ग मतदारवर्ग झाला तो देशांतर्गत कारणांनी: सरकारी शाळांतील प्रार्थनेवर १९६२ साली आलेली बंदी, गर्भपाताला मान्यता देणारा १९७३ चा निकाल, आणि वंशभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांच्या करसवलतींचा वाद. जेरी फॉलवेल यांनी १९७९ साली 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली तेव्हा इस्रायलचे समर्थन तिच्या कार्यक्रमात कुटुंब आणि गर्भपातविरोध यांच्या शेजारी आले. १९७७ साली इस्रायलमध्ये सत्तेवर आलेले मेनाकेम बेगिन वेस्ट बँकेला यहूदा व शोमरोन या बायबलच्या नावांनी संबोधत, आणि अमेरिकेत आपले खरे श्रोते कोण हे त्यांनी अचूक ओळखले. १९८० साली त्यांनी फॉलवेल यांना जाबोटिन्स्की पुरस्कार दिला. त्याच वर्षी जेरुसलेमला राजधानी ठरवणाऱ्या इस्रायली कायद्यानंतर अनेक देशांनी आपले दूतावास तेल अवीवला हलवले, तेव्हा जेरुसलेममध्ये 'इंटरनॅशनल ख्रिश्चन एम्बसी' उभी राहिली. त्याआधी राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर हेही नव्याने जन्म घेतलेले बॅप्टिस्टच होते, आणि मार्च १९७७ मध्ये पॅलेस्टिनींना स्वतःची भूमी हवी असे त्यांनी जाहीरपणे म्हटले, हे लक्षात घेतले की इव्हँजेलिकल श्रद्धा आणि एकच राजकीय निष्कर्ष यांची गाठ अटळ नव्हती हे स्पष्ट होते.

टेक्सासमधील सॅन अँटोनियोचे पाळक जॉन हेगी यांनी २००६ साली 'ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल' ही संघटना उभारली, जी आपली सदस्यसंख्या एक कोटीहून अधिक सांगते. ही चळवळ आर्मगेडनच्या, म्हणजे अंतिम महायुद्धाच्या, प्रतीक्षेत आहे असे तिच्याविषयी सर्रास लिहिले जाते. हेगी यांच्या पुस्तकांत अंतकाळ आहे हे खरे. तथापि संघटनेच्या व्यासपीठावरून अधिक ऐकू येते ते उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातील आशीर्वादाचे वचन: जे राष्ट्र इस्रायलला आशीर्वाद देते त्याची भरभराट होते. पेंटेकॉस्टल व करिश्माई मंडळ्यांत, जिथे आशीर्वाद ही रोजच्या जीवनात अनुभवण्याची गोष्ट मानली जाते, हे वचन सहज रुजले. ईश्वरी घड्याळ पाहत बसणाऱ्याला काही करावयाचे नसते, पण आशीर्वाद मिळवू पाहणाऱ्याला करण्यासारखे पुष्कळ असते. आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहिणे, वॉशिंग्टनच्या वार्षिक मेळाव्याला जाणे, मदतीच्या विधेयकाला पाठिंबा मागणे, ही सारी आज्ञापालनाची रूपे होतात. निष्क्रिय युगविभागवादाचे सक्रिय राजकारणात रूपांतर झाले ते मुख्यतः या बदलाने, हे या ग्रंथाचे एक महत्त्वाचे प्रतिपादन आहे.

इस्रायलवरील प्रेम आणि ज्यू माणसाविषयीचा आदर या दोन गोष्टी एकच नव्हेत, हेही येथे नोंदवले पाहिजे. सुवार्तिक बिली ग्रॅहम हे इस्रायलचे मित्र मानले जात. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याशी झालेल्या संभाषणात त्यांनी ज्यूंविषयी काढलेले अनुदार उद्गार ध्वनिफीत २००२ मध्ये उघड झाल्यावर जगासमोर आले, आणि त्यांना क्षमा मागावी लागली. हेगी यांच्या एका जुन्या प्रवचनातील हिटलरविषयक विवेचनामुळे २००८ साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार सिनेटर मॅकेन यांनी त्यांचा पाठिंबा नाकारला. ज्यू लोकांना भविष्यवाणीतील पात्रे मानणाऱ्या नजरेला त्यांचे प्रत्यक्ष माणूसपण निसटते, हा अनेक ज्यू विचारवंतांचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे.

विरोधी मतांचीही अनेक घराणी आहेत. कॅल्व्हिनच्या परंपरेतील करारवादी धर्मशास्त्र जुन्या व नव्या करारात एकाच प्रजेची सलग कथा पाहते आणि भूमीचे वचन ख्रिस्तात पूर्ण होऊन साऱ्या पृथ्वीपर्यंत विस्तारले असे मानते, डब्ल्यू. डी. डेव्हिस यांचा १९७४ चा आणि गॅरी बर्ज यांचा २००३ चा ग्रंथ या विचाराचे आधारस्तंभ आहेत. त्याउलट जेराल्ड मॅकडरमॉट यांनी २०१६ साली संपादित केलेल्या लेखसंग्रहाने युगविभागवाद बाजूला ठेवूनही ज्यूंचे भूमीशी असलेले नाते धर्मशास्त्रीयदृष्ट्या टिकते असा पक्ष मांडला, म्हणजे समर्थनाचा किल्ला एकाच बुरुजावर उभा नाही. कॅथलिक चर्चची वाट वेगळी होती: पोप दहावे पायस यांनी १९०४ साली हर्झलच्या झायोनवादाला पाठिंबा देण्यास नकार दिला होता. १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राने ज्यूंवरील सामुदायिक दोषारोप मागे घेतला, १९९३ साली व्हॅटिकन व इस्रायल यांच्यात करार झाला, परंतु कॅथलिक चर्चने राज्याचा विचार आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कक्षेत ठेवला, भविष्यवाणीच्या नव्हे. मेनलाइन मंडळ्यांतील संघर्ष अधिक उघड होता: प्रेस्बिटेरियन चर्चच्या सर्वसाधारण सभेने २०१४ साली ३१० विरुद्ध ३०३ मतांनी कॅटरपिलर, ह्युलेट-पॅकार्ड आणि मोटोरोला सोल्यूशन्स या तीन कंपन्यांतील गुंतवणूक काढून घेण्याचे ठरवले, आणि सात मतांचे हे अंतर किती कुटुंबांत आणि मंडळ्यांत तडे देऊन गेले असेल याची कल्पना करता येते. कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांसाठी मिसरच्या दास्यातून सुटलेले इस्रायल हे स्वतःच्याच मुक्तीचे रूप होते. नागरी हक्क चळवळीचे नेते बेयार्ड रस्टिन यांनी १९७५ साली इस्रायलच्या समर्थनार्थ समिती उभारली ती या वारशातून, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या बिशपांनी इस्रायलला दिली जाणारी अमेरिकी मदत थांबवण्याचे आवाहन केले तेही त्याच वारशातून.

या साऱ्या चर्चेत सर्वांत उशिरा ऐकला गेलेला आवाज पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांचा. ख्रिस्ताच्या जन्मभूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा हा समाज वेस्ट बँकेच्या लोकसंख्येत आता अगदी अल्प उरला आहे. नईम अतीक या अँग्लिकन पाळकाने १९८९ साली पॅलेस्टिनी मुक्तीचे धर्मशास्त्र मांडले आणि 'सबील' केंद्र उभारले. २००६ साली जेरुसलेममधील काही चर्चप्रमुखांनी ख्रिस्ती झायोनवाद ही शिकवण नाकारणारे निवेदन काढले. २००९ च्या 'कैरोस पॅलेस्टाइन' या दस्तऐवजाने जगभरच्या मंडळ्यांना साद घातली. बेथलेहेमचे लुथरन पाळक मुन्थर आयझॅक यांनी डिसेंबर २०२३ मध्ये बाळ येशूची मूर्ती ढिगाऱ्यात ठेवून नाताळचा देखावा केला, तेव्हा अनेक अमेरिकी ख्रिस्ती लोकांना तेथे आपले सहविश्वासी राहतात हे प्रथमच जाणवले. आशीर्वाद आणि भविष्यवाणी यांची मांडणी कितीही सुसंगत असो, ती बेथलेहेममधील ख्रिस्ती कुटुंबासमोर उभे राहून सांगता येते काय, ही कसोटी तिला लावलीच पाहिजे. त्याचबरोबर ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या व ओलीस नेल्या गेलेल्या इस्रायलींच्या कुटुंबांसमोर उभे राहून टीकाकारांची मांडणी सांगता येते काय, हेही विचारले पाहिजे.

राजकीय सहभागाच्या प्रश्नाला अमेरिकेत घटनेची आणि करकायद्याची चौकट आहे. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने राज्याला धर्म स्थापन करण्यास मनाई केली, धर्मश्रद्ध नागरिकाला राजकारण करण्यास मनाई केली नाही; १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीने करमुक्त धर्मादाय संस्थांना, त्यांत चर्चही आले, उमेदवारांचा प्रचार करण्यावर बंदी घातली, पण प्रश्नांवर बोलण्याची मोकळीक ठेवली. इस्रायल हा असा 'प्रश्न' असल्याने व्यासपीठावरून त्याच्याविषयी वाटेल तेवढे बोलता येते. अमेरिकी दूतावास जेरुसलेमला हलवण्याचा कायदा १९९५ सालीच झाला होता, मात्र प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने सुरक्षेचे कारण देऊन त्याची अंमलबजावणी दर सहा महिन्यांनी पुढे ढकलली. ६ डिसेंबर २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी दूतावास हलवण्याची घोषणा केली, आणि १४ मे २०१८ च्या त्याच्या उद्घाटनात रॉबर्ट जेफ्रेस व जॉन हेगी या दोन पाळकांनी प्रार्थना केल्या. २०२५ साली बॅप्टिस्ट पाळक राहिलेले माइक हकाबी इस्रायलमधील राजदूत झाले.

याच टप्प्यावर पाया हलू लागल्याचीही चिन्हे आहेत. मोट्टी इन्बारी आणि किरिल ब्युमिन या अभ्यासकांच्या पाहण्यांनुसार तरुण इव्हँजेलिकलांमधील इस्रायलचे समर्थन २०१८ ते २०२१ या तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. जून २०२५ मध्ये सिनेटर टेड क्रूझ आणि उजव्या विचारांचे भाष्यकार टकर कार्लसन यांच्या मुलाखतीत, इस्रायलला आशीर्वाद देण्याविषयीचे वचन आजच्या सरकारला लागू होते काय, यावरच खडाजंगी झाली. उजव्या राजकारणाच्या आतून हा प्रश्न इतक्या उघडपणे पूर्वी विचारला गेला नव्हता. या नव्या विरोधात पॅलेस्टिनींविषयीची करुणा आहे, परदेशांच्या भानगडींत गुंतण्याचा कंटाळा आहे आणि काही ठिकाणी जुना ज्यूद्वेषही आहे, आणि हे तीन धागे वेगळे करून पाहणे अत्यंत निकडीचे आहे.

मराठी वाचकाची इस्रायलशी ओळख वेगळ्या वाटेने झाली आहे. कोकणातील बेने इस्रायल समाज, त्यांतील अनेकांचे इस्रायलला झालेले स्थलांतर, आणि तेथून निघालेले 'मायबोली' हे मराठी नियतकालिक यांमुळे तो देश आपल्याकडे बायबलच्या भविष्यवाणीशिवायच जिव्हाळ्याचा झाला. भारताने १९५० साली दिलेली मान्यता आणि १९९२ साली प्रस्थापित केलेले पूर्ण राजनैतिक संबंध यांची चर्चाही आपल्याकडे परराष्ट्रनीतीच्या भाषेत झाली. म्हणूनच अमेरिकी चर्चा मराठीत आणताना तिची धर्मशास्त्रीय परिभाषा गृहीत न धरता पायरीपायरीने उलगडावी लागली.

प्रस्तुत ग्रंथ कोणत्याही पक्षाची वकिली करीत नाही, पण तो तटस्थतेचा आडोसाही घेत नाही. बायबलचे अर्थ त्या त्या परंपरेच्या स्वतःच्या शब्दांत आधी मांडावेत, मग त्यांच्यामागील संघटनांचा, पैशाचा व कायद्यांचा माग काढावा, आणि अखेरीस त्या धोरणांचा भार वाहणाऱ्यांचे लेखन वाचावे, हा क्रम जाणीवपूर्वक ठेवला आहे. अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स चर्चेस आणि मॉर्मन पंथ यांचा विचार येथे ओझरता आला आहे, कारण या राजकारणातील त्यांचे स्थान वेगळे असून त्यांची परिभाषाही स्वतंत्र आहे. इस्रायलमधील पक्षीय राजकारणाचा तपशील अमेरिकी मंडळ्यांशी थेट संबंध आला तेवढाच घेतला आहे, आणि पॅलेस्टिनी ख्रिस्ती लेखकांना स्वतंत्र विभाग दिला असला तरी त्यांचे म्हणणे आधीच्या प्रत्येक विभागात, जिथे जिथे भूमीविषयी काही प्रतिपादन केले गेले आहे तिथे तिथे, सोबत उद्धृत केले आहे.